बेंगळूरनं बघायला बोलावलं

मी कोल्हापुरात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हाची ही गोष्ट. ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. निपाणीहून सकाळची एस्टी धरायची, संध्याकाळच्या एस्टीनं परत यायचं, आणि मधल्या वेळात वनस्पतिशास्त्र. वर्गातल्या निम्म्या जणांना बँकेची परीक्षा द्यायची होती, उरलेल्यांना मास्तरकी हवी होती. मी मात्र कुणालाही न विचारता बेंगळूरच्या एका संशोधन संस्थेकडं पीएच.डी.साठी अर्ज टाकून बसले होते. काही होईल अशी आशा नव्हती. नाही म्हणाले तर ते लांब बेंगळूरला म्हणतील, इथं कोण ऐकणार, एवढाच हिशोब.

उत्तर आलं ते जाड कागदावर, इंग्रजीत टाइप केलेलं. दोन दिवसांसाठी या. आमचा कॅम्पस पाहा, प्राध्यापकांना भेटा, इथं काम करणाऱ्या मुलामुलींशी बोला. राहायची सोय होस्टेलमध्ये. आणि अगदी तळाला एक वाक्य : या निमंत्रणाचा अर्थ प्रवेश मिळाला असा धरू नये.

अण्णा, म्हणजे माझे वडील, बस डेपोत मेकॅनिक होते. त्यांना इंग्रजी वाचता यायचं, पण कुठलाही कागद तळापर्यंत वाचायचा त्यांना धीर नसायचा. ‘आपणांस बोलावण्यात आनंद होतो’ इथवर वाचून त्यांनी कागद ठेवला आणि सायकल काढली. परत आले ते पेढे घेऊन. डेपोत आणि विहारात वाटून उरलेले पेढे.

“अण्णा, अजून नंबर लागलेला न्हाय. नुस्तं बघायला बोलावलंय.”

“बघायला कुनाला बोलवत्यात? जिला घ्यायची हाय तिला. आमी गाडी बघायला आत घेतो ती काय भंगारात काढायला व्हय?”

“तसंबी काढता की.”

“गप गं. पेढा खा.”

आमच्या घरात आणखी एक माणूस होतं, अण्णांची थोरली बहीण. मी तिला आत्ती म्हणायची. नवरा वारल्यापासून ती आमच्याकडंच होती आणि तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. आवाज असा, की वखारीत बोलली तर रस्त्यावर माणूस थांबायचा. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “कंच्या कँपात बोलावलंय?”

“कँप न्हवं आत्ती, कॅम्पस.”

“तेच की. मिल्ट्रीत पोरी कवापास्नं घ्याय लागले? आनि घेत असतील तर बेळगावला आपला कँप हाय की चांगला. बेंगळूरला कशाला जायाचं तडफडत?”

बेळगावचा कँप म्हणजे लष्कराची वस्ती, आमच्या भागात कँप या शब्दाला दुसरा अर्थच नाही. मी तिला कॅम्पस म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तिनं मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी वखारीत सांगून टाकलं की पोरगी मिल्ट्रीत झाडं लावायला चाललीय.

खरा घोळ आईनं घातला, तोही नकळत. नळावर कुणीतरी विचारलं, पेढे कशाचे? आई म्हणाली, “पोरीला बेंगळूरला बघायला बोलावलंय.” यात खोटं काहीच नव्हतं. पण चोविशीतल्या पोरीच्या आईनं नळावर ‘बघायला बोलावलंय’ म्हटल्यावर ऐकणाऱ्यांनी दुसरं काय समजायचं? संध्याकाळपर्यंत मला बेंगळूरचा नवरा मिळाला होता. तो कुणाच्या मते विमानाच्या कारखान्यात होता, कुणाच्या मते टेलिफोनच्या. वार्ता चिकोडीला पोचली आणि तिथून माझा मामा पहिल्या गाडीनं येऊन दारात उभा राहिला. पायातल्या चपलासुद्धा काढेना.

“आमाला न इचारता सोयरीक जमीवली? मामा मेला व्हय?”

आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. “दादा, सोयरीक न्हाय. कॉलेजानं बोलावलंय.”

“पोरगं कॉलेजात हाय?”

“पोरगंच न्हाय. नुस्तं कॉलेज हाय.”

मामानं तांब्या हातात घेतला. “मग बघायला कोन येनार?”

“ते हिला बघनार, ही त्यांला बघनार.”

“असं कुटं असतंय व्हय?” मामा म्हणाला, पण चपला काढल्या. जेवून उठताना त्याचा राग गेला आणि काळजी सुरू झाली. पोर एकटी कशी जाणार? अण्णांना रजा मिळत नव्हती, मामाला दुकान बंद ठेवता येत नव्हतं. तेव्हा आत्तीनं तोंडातला घास गिळून जाहीर केलं, “मी जाते. माजं बेंगळूर बघायचं राहिलंय.”

निघेपर्यंत मी परीक्षेसारखा अभ्यास केला. पेशीपासून सुरुवात करून शेवाळ, नेचे, सपुष्प वनस्पती, सगळी कुळं तोंडपाठ. आत्तीनंही तयारी केली. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, लाल ठेचा, आणि विहारातल्या कार्यक्रमाला नेसायचं तिचं एकुलतं एक पांढरं लुगडं.

बेंगळूरला होस्टेलच्या दारातच आमचं पहिलं युद्ध झालं. तिथल्या वॉर्डनबाईंच्या यादीत माझं नाव होतं, आत्तीचं नव्हतं. बाई बेंगळूरच्या मऊ कन्नडमध्ये म्हणाल्या की पाहुण्यांना परवानगी नाही. आता आमच्या भागातली कन्नड बेंगळूरच्या माणसाला भांडल्यासारखी वाटते, आणि आत्तीची तर वखारीत शिकलेली. तिला कन्नडमध्ये ‘अहो’ म्हणता येतच नव्हतं.

“ए बाई,” आत्ती म्हणाली, “मी काय तुजं कॉलेज शिकायला आले न्हाय. झोपायला आले. पोरीच्या खाटंखाली झोपीन. तुला दिसायची बी न्हाय.”

वॉर्डनबाई दोन पावलं मागं सरकल्या आणि त्यांनी परवानगी दिली. अट एकच, दिवसा खोलीत थांबायचं नाही. त्या अटीमुळं पुढचं सगळं घडलं. दिवसा खोलीत थांबायचं नाही म्हटल्यावर आत्ती माझ्याबरोबर सगळीकडं आली.

पहिल्या सकाळी आम्हा बोलावलेल्यांसाठी एक व्याख्यान होतं. आम्ही सहा-सात जण असू. दिल्लीची एक मुलगी, मद्रासचा एक मुलगा, आणखी कोण कोण. सगळ्यांचं इंग्रजी असं, की मी आपली हसून वेळ मारून नेत होते. आत्ती आंघोळ करून पांढरं लुगडं नेसली होती, डोळ्यांवर अण्णांचा जुना चष्मा होता. चष्म्यातून तिला धड दिसत नव्हतं, पण शिकलेल्या ठिकाणी तो असावा असं तिचं मत. मागच्या रांगेतून ऐकू येणार नाही म्हणून ती सरळ पहिल्या रांगेत जाऊन बसली. व्याख्यान तंबाखूच्या पानांवर पडणाऱ्या एका रोगाबद्दल होतं. पडद्यावर तंबाखूचं पान दिसलं की आत्ती जोरात मान डोलवायची. बोलणारे तिच्याकडं बघून बोलायला लागले.

चहाच्या वेळी मी कप घेऊन वळले तर मद्रासचा मुलगा आत्तीसमोर उभा. त्यानं तिला खुर्ची आणून दिली होती आणि वाकून आपला एम.एस्सी.चा प्रबंध समजावून सांगत होता. त्याला ती बाहेरून आलेली कुणी वयस्कर शास्त्रज्ञ वाटली होती. आत्ती गंभीर चेहऱ्यानं ऐकत होती. मध्येच “व्हय?” म्हणायची, मध्येच “बरं, बरं”. तो बोलायचा थांबला तेव्हा तिनं त्याच्या पाठीवर हात फिरवला. पोरगं हवेतच तरंगत माझ्याकडं आलं.

“मुलाखत चांगली झाली,” तो इंग्रजीत म्हणाला. “फार बोलत नाहीत बाई, पण त्यांना सगळं कळतंय.”

मी त्याला सांगणारच होते. देवाशप्पथ सांगणार होते. पण तो इतका खूष होता, की म्हटलं राहू दे थोडा वेळ. शिवाय मला त्याच्याकडून एक गोष्ट काढून घ्यायची होती. तो याआधी आणखी एका संस्थेत असाच जाऊन आला होता.

“हे बोलावतात म्हणजे नेमकं काय?” मी विचारलं. “घेतलंय की नाही घेतलं?”

“कागदावर आपण पास आहोत,” तो म्हणाला. “नापासांना कोण चहा पाजेल? आता त्यांना एवढंच बघायचंय की हा प्राणी पाच वर्षं आपल्या शेजारी बसला तर आपलं डोकं फिरेल का.”

“आणि आपण काय बघायचं?”

“आपण?” त्याला प्रश्नच कळला नाही. “आपण कुठं काय बघायचं? आपण आवडायचं.”

संध्याकाळी होस्टेलच्या मेसमध्ये भात-सांबार होतं. आत्तीनं ताटाकडं एकदा बघितलं आणि गाठोडं सोडलं. कडक भाकरी मोडल्याचा आवाज झाला तशा हुबळी-धारवाडकडच्या दोन मुली शेजारच्या टेबलावरून उठून आल्या. मग त्यांच्या मैत्रिणी. सगळ्या पीएच.डी. करणाऱ्या. ठेच्यानं डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तोंडं सुटली होती. मी तिथं बसून विषाणूंबद्दल विचारत होते, आत्ती वेगळंच विचारत होती. मास्तर वरडतोय काय? सुट्टी देतोय काय? आजारी पडलीस तर कोन बघतंय? घरी जाताना तोंड पाडून जातीस का हसत?

मी ज्यांच्यासाठी इथवर आले होते ते मोठे सर. रोगाबद्दल व्याख्यान दिलं ते तेच. त्यांचं नाव आमच्या पुस्तकात तळटिपेत होतं. त्यांच्याच हाताखाली काम करायचं असं मी अर्जात लिहिलं होतं. त्यांचं नाव निघालं तशा त्यांच्या दोन विद्यार्थिनी ताटात बघायला लागल्या. विभागातल्या दुसऱ्या एक मॅडम होत्या, बिया आणि त्यांच्या उगवणीवर काम करणाऱ्या, कुठल्या पुस्तकात नसलेल्या. त्यांचं नाव निघालं तेव्हा त्यांची विद्यार्थिनी म्हणाली, “विसरभोळ्या आहेत. माझ्या एका प्रकरणाचा कच्चा खर्डा बसमध्ये विसरल्या. पण स्वतः डेपोत जाऊन शोधून आणला.”

खोलीत आल्यावर आत्तीनं निकाल दिला. “त्यो मोठा मास्तर नको. त्याच्या पोरी जेवताना बी घाबरत्यात. त्या इसरभोळीकडं जा.”

“आत्ती, ते जगात नावाजलेत.”

“वखारीचा मालक बी नावाजलेला हाय.”

“तुला यातलं काही कळत न्हाय.”

“न्हाय कळत,” ती म्हणाली आणि खरंच खाटेखाली सतरंजी टाकली. “उद्या त्यांलाच इचार, तुमची पोरं फुडं कुटं जात्यात म्हनून.”

दुसऱ्या दिवशी मुलाखत. समोर मोठे सर, मॅडम आणि आणखी एक जण. मी पेशीपासून तयार. मोठ्या सरांनी विचारलं, “घरून इथं येताना वाटेत कोणती झाडं दिसली?”

कुळं सगळी तोंडपाठ होती, पण वाटेत मी झोपले होते. बाभळ म्हटलं, लिंब म्हटलं, धारवाडच्या पुढचं माहीत नाही म्हटलं. मॅडम हसल्या. “निदान खरं सांगितलं. मघाशी एकानं आम्हाला हायवेवर चंदन दाखवलं.” मग बोलणं आमच्या भागाकडं वळलं, तंबाखूच्या शेतांकडं, पान काळं पडतं म्हणजे काय होतं त्याकडं. अर्धा तास गप्पाच झाल्या. पाठ केलेलं एक अक्षर कुणी विचारलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

शेवटी मोठे सर म्हणाले, “तुम्हाला काही विचारायचंय?”

नाही म्हणायचं हे मला ठाऊक होतं. पण तोंडातून आत्तीचा प्रश्न निघाला, इंग्रजी कपडे घालून. “तुमच्याकडून शिकून गेलेले विद्यार्थी पुढं कुठं जातात?”

मोठे सर म्हणाले, “चांगल्या ठिकाणी,” आणि घड्याळाकडं बघितलं. मॅडम मात्र विचारात पडल्या. “एक कोइमतूरला आहे. एक शेतीखात्यात. एकानं बापाचं दुकान सांभाळायला घेतलं, आनंदात आहे. आणि एक मुलगी अर्ध्यातून सोडून गेली. तिच्या बाबतीत माझं चुकलं. मी तिला फार एकटं सोडलं.”

मोठ्या सरांनी कागद गोळा केले. मी बाहेर आले ती गोंधळूनच. आवडायला गेले होते, आणि मलाच कुणीतरी आवडून बसलं होतं.

दुपारी आम्हाला काचघर आणि त्यामागची प्रयोगाची शेती दाखवायला नेलं. मोठे सर पुढं, मॅडम आणि आम्ही मागं, आत्ती सगळ्यांच्या मागं. काचघरात उकडत होतं म्हणून आत्ती बाहेरच थांबली. आम्ही आत सरांचं बोलणं ऐकत होतो. बाहेर तंबाखूची एक लांब रांग फुलावर आली होती. काही झाडांच्या फुलांवर कागदी पिशव्या बांधलेल्या, बाकीची मोकळी.

आमच्याकडं तंबाखूला फुलोरा यायला लागला की शेंडा खुडतात. फुलाला जोर गेला तर पान पातळ राहतं. आत्तीनं जन्मभर तेच केलेलं. समोर फुललेली रांग, हात रिकामे, आणि इथल्या लोकांचं लक्ष नाही असं तिला वाटलं. पिशव्या बांधलेल्या झाडांना तिनं हात लावला नाही. ‘ते कुनी बांधून ठेवलंय, आपन कशाला सोडा’ असं ती नंतर म्हणाली. बाकीच्यांचे शेंडे तिनं बोटांनी पटापट मोडले आणि बांधावर नीट ढीग रचला.

आम्ही बाहेर आलो तेव्हा ती लुगड्याला हात पुसत होती, चेहऱ्यावर केलेल्या कामाचं समाधान. मोठ्या सरांनी आधी ढीग बघितला, मग रांग. ती झाडं त्यांनी बियांसाठी ठेवली होती, आणि फुलं मोडल्यावर बी कुठलं? आत्तीकडं त्यांचं लक्षही गेलं नाही. ते वळले ते शेजारी उभ्या असलेल्या आपल्या विद्यार्थिनीकडं, आणि असे ओरडले की काचघरातली काच वाजली असेल. तू कुठं होतीस? रांगेपाशी कोण होतं? ती पोरगी आमच्याबरोबर आतच होती, त्यांच्याच सांगण्यावरून. पण तिनं ते म्हटलं नाही. खाली बघून उभी राहिली, काल ताटात बघत होती तशी.

मी पुढं होणार एवढ्यात आत्तीच पुढं झाली. आपल्या वखारीच्या कन्नडमध्ये म्हणाली, “तिच्यावर कशाला वरडतोस? मी खुडलं. फुलं ठेवली तर पान पातळ हुतंय, एवडंबी ठावं न्हाय व्हय रं तुला?”

जगात नावाजलेल्या माणसाला ‘तू’ म्हटलेलं त्या शेतीनं पहिल्यांदाच ऐकलं असावं. मॅडम मागं वळून एका झाडाचं फार बारकाईनं निरीक्षण करू लागल्या, त्यांचे खांदे हलत होते. मद्रासचा मुलगा माझ्या कानाशी कुजबुजला, “पण या आहेत तरी कोण?”

“माझी आत्ती,” मी म्हटलं. “तंबाखूच्या वखारीत असते.”

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग तो म्हणाला, “म्हणजे माझा प्रबंध...” आणि हसायला लागला. त्याच्या हसण्यानं सगळेच सुटले. मोठे सर मात्र हसले नाहीत. झाडं कशासाठी ठेवली होती ते मॅडमनी आत्तीला समजावलं, तेव्हा तिचा चेहरा पडला. “मला काय ठावं बाबा,” म्हणत तिनं सरांना हात जोडले. त्यांनीही जोडले, पण विद्यार्थिनीकडं वळून चुकलं म्हणाले नाहीत. परतीच्या गाडीत आत्तीनं गाठोडं सोडलंसुद्धा नाही. बेळगाव आलं तेव्हा म्हणाली, “माज्यामुळं गेलं गं तुजं.” मलाही तसंच वाटत होतं, पण मी म्हटलं, “मिल्ट्रीत कुटं जायाचं होतं मला.”

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. जागा मिळाली होती, आणि मोठे सर मला घ्यायला तयार होते! अण्णा पुन्हा सायकलकडं धावले. मी त्यांना थांबवून सांगितलं की मी नाही म्हणणार आहे, मला मॅडमकडं जायचंय. अण्णा खाली बसले. कोल्हापुरातले माझे प्राध्यापक म्हणाले, वेडी आहेस का, अशी संधी लाथाडतात? मामानं चिकोडीहून निरोप धाडला की चांगलं स्थळ नाकारलं म्हणे, आता लौकर दुसरं बघा. मी मान खाली घालून बेंगळूरला लिहिलं. मोठ्या सरांनी एका ओळीत उत्तर दिलं, आणि मॅडमनी दोन पानी. त्यातल्या एका पानावर चहाचा डाग होता.

पुढं मॅडमकडं रुळल्यावर एकदा मी विचारलं, “तेव्हा तुम्ही आम्हाला काय बघून घेतलंत?”

मॅडम चष्मा शोधत होत्या. “बघून? यादी तर तुम्ही यायच्या आधीच ठरली होती,” त्या म्हणाल्या. “दोन दिवस आम्हीच घाबरलेलो असतो. चांगली मुलं आम्हाला बघून पळून जातील म्हणून. मी त्या दिवशी नवीन साडी नेसले होते, तुझ्या लक्षात आलं नसेल.”

नव्हतं आलं. हे मी आत्तीला कधी सांगितलं नाही. ती शेवटपर्यंत वखारीत सगळ्यांना सांगायची की पोरीला बेंगळूरला आपणच चिकटवली, आणि कुणी कशी म्हणून विचारलं तर म्हणायची, “मास्तरला दोन शबूद सुनावले.”